डोक्यावर राहिलेली टोपी

टिचक्याच्या डोक्यावर टोपी टिकत नाही, हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि घरातलं एकुलतं एक शेंबडं पोर म्हणजे तो स्वतःच होता. टोपी घातली की तो क्षणभर विचारात पडायचा, मग दोन्ही हातांनी ती कानांपाशी पकडायचा आणि अशी भिरकावायचा की कपाटाखालून काठीनेच ओढून काढावी लागे. डोंगरावरच्या देवाला जायचं ठरलं तेव्हा त्याच्या आईने त्याच्यासाठी कान झाकणाऱ्या तीन लोकरी टोप्या घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन चढणीच्या पहिल्याच दिवशी दरीत गेल्या.

त्याच्या आईला घरात सगळे धाकटी म्हणत, कारण थोरली आधीपासून होतीच. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं, आणि त्याचं रडगाणं तिने कधी कुणापुढे गायलं नव्हतं. टिचक्या सातव्या महिन्यातच घाईघाईने जन्माला आला, टीचभर, म्हणून टिचक्या. तो काचेच्या पेटीत होता तेव्हा धाकटी टाके सांभाळत खाटेवर पडलेली, आणि काचेबाहेर तासन्‌तास उभी असायची ती थोरली. पुढे धाकटी कामावर परत गेली आणि पोर दिवसभर थोरलीच्या कडेवर वाढलं. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, अशी जाऊ दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. धाकटी हसून हो म्हणायची, आणि घरात आल्यावर भांडी जरा जास्तच आवाज करत लावायची.

कारण संध्याकाळी दार उघडून ती हात पुढे करायची आणि टिचक्या थोरलीच्या मानेत तोंड खुपसायचा. धाकटीने त्याला हौसेने 'मम्मा' म्हणायला शिकवलं होतं. थोरलीला त्याने 'मोठी आई' म्हणावं असं ठरलं होतं. पण दीड वर्षाच्या जिभेला 'मोठी' काही झेपेना, तेव्हा तेवढं त्याने गाळून टाकलं. आता घरात आई होती ती थोरली. यात कुणाचा दोष नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त टोचायचं. दोष असता तर भांडता तरी आलं असतं.

धाकटी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. कुणाचं आजारपण खरं, कुणाचं रचलेलं, दोन वेगळ्या डॉक्टरांच्या बिलांवर एकच हस्ताक्षर कसं, हे तिला बरोबर दिसायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या आजारांवर संशय घ्यायचा आणि घरी आल्यावर आपल्या पोराच्या नसलेल्या आजारांवर विश्वास ठेवायचा, हा नवऱ्याचा लाडका टोमणा होता. तोही खोटा नव्हता. टिचक्या शिंकला की थर्मामीटर बाहेर यायचा, आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली बाई फोनवर नाव न विचारताच तिला ओळखायची. म्हणून निघण्याआधी नवऱ्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की या प्रवासात 'याला बरं नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

ते कबूल करणं सोपं गेलं. जड गेलं ते वेगळंच. बॅगा भरताना नवरा सहज बोलून गेला, की हा नवस वहिनीचा. पोर जगलं तर पायी डोंगर चढून नेईन आणि माझ्या हाताने देवाच्या पायांवर घालीन, असं थोरली त्या काचेपाशी उभी राहून बोलली होती. धाकटीच्या हातातली पायमोज्यांची जोडी तशीच राहिली. मला आजवर का सांगितलं नाही, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, त्यात सांगायचं काय, कुणीही बोललं तरी पोर आपलंच ना. पुरुषांचा हिशोब असा सरळ असतो. ती मात्र घड्या घालत विचार करत राहिली, की त्या दिवसांत मी काय करत होते? मी डॉक्टरांना वजन विचारत होते. रोज, दोनदोनदा. देव आठवलाच नाही, आणि जिला आठवला ती हक्क घेऊन बसली. माझ्या हाताने म्हणे. तिने मनाशी पक्कं केलं: देवळाच्या दारात पोर माझ्याच कडेवर असेल. मग बघू कुणाचा हात पुढे येतो ते.

पहिल्या दिवशी ते जमलं नाही. टिचक्या थोरलीच्या पाठीवरच्या झोळीत बसून खेचरांना हाका मारत होता, त्यांच्या घंटांच्या तालावर तिच्या डोक्यावर थापा देत होता, आणि धाकटी मागून दुधाची बाटली घेऊन चालत होती, मालकिणीच्या मागे मोलकरीण चालावी तशी. एक पाणी विकणारी बाई थोरलीला म्हणाली, तुमच्या वळणावर गेलाय हो. थोरलीने लगेच मागे बोट दाखवून सांगितलं, आई ती आहे. धाकटीला त्या खरेपणाचाही राग आला.

रात्री पत्र्याच्या खोलीत मुक्काम झाला, आणि सकाळी चमत्कार घडला.

टिचक्या उठला तो धाकटीच्या मांडीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. दूध दोन घोट घेऊन नको म्हणाला. तिने उरलेली टोपी त्याच्या डोक्यावर चढवली, आणि सवयीने त्याचा हात वर जायची वाट पाहत थांबली. हात वर गेला नाही. त्याने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. झोळीचे पट्टे सोडवत थोरली पुढे आली आणि तिने हात पसरले, तर त्याने नुसतं बघितलं. गेला नाही. धाकटीला वाटलं, भर सभेत कुणीतरी आपल्या गळ्यात हार घातला.

"आज माझ्याकडेच राहतोय तो," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली.

शेवटची चढण तशी उभीच होती. दोघींचे नवरे रांगेत जागा धरायला पुढे निघून गेले होते. या दोघी मागून येत होत्या, झाडं केव्हाच संपलेल्या वाटेवरून, प्लॅस्टिकचे रेनकोट आणि लोखंडी टोकाच्या काठ्या विकणाऱ्या ताडपत्रीच्या दुकानांपुढून. चार पावलं टाकली की श्वास हरवायचा. धाकटीचे हात भरून आले होते, तरी तिने पोर खाली ठेवलं नाही. कालचं सगळं उट्टं आज निघत होतं. ती मुद्दाम वाटेच्या कडेने, लोकांना दिसेल अशी चालत होती, आणि मधूनमधून मान वळवून बघत होती, थोरली बघतेय की नाही.

थोरली बघत होती. पण तिची नजर धाकटीवर नव्हती, तिच्या खांद्यावरच्या लहानशा तोंडावर होती. तिने विचारलं, दूध प्यायला का. मग विचारलं, शू केली का. शेवटी म्हणाली, "अगं, टोपी नाही काढली त्याने अजून."

"थंडी वाजतेय त्याला. कळायला लागलंय आता."

पुढच्या वळणावर डॉक्टरांचा तंबू होता. तिथे थोरली थांबली. तिचं म्हणणं होतं, मला तो सुस्त वाटतोय, नुसतं दाखवून घेऊ, दोन मिनिटांचं काम. धाकटीच्या डोक्यात ताबडतोब कचेरी उघडली. दावा काय? पोर आजारी आहे. पुरावा काय? टोपी डोक्यावर राहिली. दावा करणाऱ्याचा फायदा कशात? हे तर सांगायलाच नको. असले दावे ती चहा पिता पिता नामंजूर करायची.

"वहिनी, एरवी मी काळजी केली की तुम्ही सगळे हसता," ती म्हणाली. "आज मी निवांत आहे तर तुमचं सुरू झालं." इथे थांबली असती तर बरं होतं. पण जीभ सुटलीच होती. "तुमच्याकडे शांत बसला की गुणी, आणि माझ्याकडे शांत बसला की आजारी. असं कसं?"

थोरलीचा चेहरा दार लावून घ्यावं तसा मिटला. ती एक पाऊल मागे पडली आणि मागेच चालत राहिली. धाकटीला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याखाली काहीतरी गोडही वाटलं, दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसं. तंबू मागे गेला.

मग देऊळ दिसलं. काळ्या दगडाचं, बुटकं, आणि त्याच्या पाठीशी बर्फाचा पहाड, इतका जवळ की कळसावर कोसळेल असं वाटावं. रांग दोरांमधून वळत वळत दारापर्यंत गेली होती. नवऱ्याने हात वर करून बोलावलं. दोरांखालून वाकत दोघी त्याच्यापाशी पोहोचल्या, तेव्हा दार अगदी समोर आलं होतं. झोपलाय वाटतं, तो म्हणाला. धाकटी म्हणाली, झोपलाय. तिने पोर सावरलं आणि मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या. आता फक्त थोरलीने हात पुढे करायचे आणि टिचक्याने जायचं नाकारायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी देवळातली मोठी घंटा जोरात ठोकली. त्या आवाजाने रांगेतलं प्रत्येक लहान पोर दचकलं. पुढचं एक भोकाड पसरून रडायला लागलं. टिचक्या हलला नाही. घरी दारावरची बेल वाजली तरी दुडदुड धावणारा टिचक्या. धाकटीने वाकून पाहिलं. तो झोपलेला नव्हता. डोळे अर्धवट उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. ओठांच्या कडेचा निळसर रंग तिने सकाळपासून पाहिला होता आणि थंडीच्या नावावर खपवला होता. आता तिने त्याच्या मुठीची बोटं उलगडली. नखं जांभळट होती.

तिने टोपी काढली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. टोपी पुन्हा घातली, मुद्दाम डोळ्यांवर येईल अशी. हात वर गेला नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "घ्या जरा त्याला."

थोरलीने हात पसरले. ये राजा, ती म्हणाली. धाकटीने पोराला तिच्याकडे वळवून धरलं. जा ना, ती मनात म्हणत होती, जा तिच्याकडे, झेप घे, मला लाथ मार आणि जा. इतक्या उंच चढून आल्यावर देवाच्या दारात तिने मागितलं ते एवढंच, की माझ्या पोराने मला सोडून तिच्या गळ्यात पडावं. टिचक्याने थोरलीकडे भिंतीकडे बघावं तसं पाहिलं आणि डोळे मिटले.

"याला बरं नाही," धाकटी म्हणाली.

नवरा म्हणाला, अगं तू कबूल केलं होतंस, आणि आता आपला नंबर आलाच आहे, दर्शन घेऊन लगेच निघू. पण थोरली तोवर दोराखालून बाहेरही पडली होती. धाकटीला तशातही आठवलं, आणि तिने मागून हाक मारली, वहिनी, तुमचा नवस, तुम्ही थांबा.

"ज्याच्यासाठी बोलले तो खाली चाललाय," थोरली म्हणाली. "मी इथे थांबून काय करू? चल."

तंबूतली डॉक्टर तरुण होती आणि तिला बोलायला वेळ नव्हता. तिने टिचक्याच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला, आकडा बघितला आणि नाकातोंडावर मास्क चढवला. इथली हवा याला पुरत नाही, एक क्षणही वर थांबू नका, जितकं उतराल तितकं बरं वाटेल, आणि तळाच्या दवाखान्यात दाखवल्याशिवाय पुढे कुठे जाऊ नका. मग तिने विचारलं, हा असा गप्प कधीपासून आहे.

दोघींनीही तोंड उघडलं. थोरलीने मिटलं.

"सकाळपासून," धाकटी म्हणाली. "यांच्या लक्षात आलं होतं. मी ऐकलं नाही."

उतरताना पोर धाकटीच्या कडेवर होतं आणि प्राणवायूचा छोटा सिलिंडर थोरलीच्या हातात. दोन्हींच्या मधली नळी हातभर लांबीची. त्यामुळे एकीने पाऊल टाकलं की दुसरीलाही टाकावं लागे, एक घसरली की दुसरीला थांबावं लागे. रागावून पुढे जायची किंवा मागे रेंगाळायची सोयच नव्हती. खेचरं आली की दोघी एकाच दगडाला पाठ लावून उभ्या राहायच्या. नवरा आणि थोरला दीर सामान घेऊन मागून येत होते, आणि इतकी वर्षं एका ओट्यावर काम करून या दोघींना जे जमलं नव्हतं ते आता न बोलता जमत होतं.

पहिली झाडं लागली तिथे एका टपरीच्या बाकावर त्या टेकल्या. टिचक्याच्या ओठांवर रंग परत आला होता. त्याने डोळे उघडले, खेचराकडे बघितलं, मास्क ओढून बाजूला केला. क्षणभर विचारात पडला. मग दोन्ही हातांनी टोपी कानांपाशी धरली आणि भिरकावली. ती नेमकी खेचराच्या लिदीत जाऊन पडली. आणि मग तो रडला, मान मागे टाकून, गळा काढून, दरीत घुमेल असा.

"आई," तो ओरडत होता. "आई."

थोरली जागची हलली नाही. सिलिंडर मांडीवर घट्ट धरून ती समोर बघत बसली होती. धाकटीच्या पोटात कळ आली, तीच जुनी, त्याच जागी, तितकीच धारदार. सकाळपासून ती कळ कुठे गेली होती कोण जाणे. आता परत आल्यावर धाकटीला धीर आला, जणू घरचं कुणी उशिरा का होईना, पोहोचलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला हाक मारतोय."

थोरलीने सिलिंडर तिच्याकडे दिला आणि पोर घेतलं. ते तिच्या मानेत घुसून हुंदके देऊ लागलं. धाकटीने मास्क पुन्हा त्याच्या तोंडाशी नेऊन धरला आणि तशीच बसली, नळीच्या अंतरावर.

त्याचे हुंदके ओसरले तेव्हा थोरली म्हणाली, "तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं. मलाही वाटलं, माझ्याकडे येत नाही म्हणून मला तो आजारी दिसतोय. म्हणून जास्त ताणलं नाही."

धाकटीने मला राग नाही असं म्हणणं खोटं झालं असतं, आणि नवस तुमचा, पुढच्या वेळी तुम्हीच त्याला देवाच्या पायांवर घाला, हे म्हणायला तिचं मन अजून तयार नव्हतं. ती लिदीतल्या टोपीकडे बघत राहिली.

"पुढे कधीतरी येऊ," ती शेवटी म्हणाली. "मोठा झाल्यावर. आपला आपण चढेल. कुणाच्याच कडेवर नको."

थोरलीने पोराची पाठ थोपटत तिच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं.

"तोवर आपल्या दोघींचे गुडघे गेलेले असतील," ती म्हणाली. "मग खाली बसूनच भांडू, कुणाला आधी हाक मारतो त्यावरून."

धाकटीला हसू आलं. पण मनात तिने, नकळत, तेव्हा आधी हाक कुणाला येईल त्याचाही हिशोब करून ठेवला.