चूक न काढणारं कॉलेज

ठमीचे बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवत. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे घरी आल्यावरही त्यांचा आवाज खाली यायचा नाही. दार लावलं तर "हळू! हळू म्हणतोय ना!" पाणी ओतलं तर "सांडणार! बघ, सांडलंस!" तिचा निबंध वाचायला घेतला, की पहिल्या ओळीलाच "थांब, इथे चुकलीस." लहानपणापासून हे ऐकून ठमीचे कान किटले होते. म्हणून तिने डोंगरापलीकडचं एक कॉलेज शोधून काढलं. त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘इथे कोणी कुणाची चूक काढत नाही.’ स्वर्ग म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं.

निवड झाली. कार्यालयातल्या बाईंनी मधाळ आवाजात सांगितलं, एक दिवस येऊन बघा आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा. नाही म्हटलं तर शहरातलं मोठं कॉलेज होतंच, शंभर पोरांचा वर्ग आणि खेकसणारे मास्तर.

कॉलेज खेड्यात होतं. म्हणजे खेडं कुंपणाबाहेर होतं आणि त्याला आत यायला परवानगी लागायची. गवत मोकाट वाढलेलं दिसावं म्हणून दोन माळी ते रोज नीट कापत होते. मुलं अनवाणी फिरत होती, पण एकाच्याही टाचेला भेग नव्हती. सगळी निवडक, वेचून घेतलेली, आणि आपण वेचलेले आहोत हे चेहऱ्यावर दिसू न देण्याची चांगली सवय झालेली. सोबत आलेल्या पालकांना ‘पालक-संवादा’साठी दुसऱ्या दालनात नेलं. बाबा गेले बिचारे, पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या पोरासारखे मागे वळून बघत.

वर्ग म्हणजे एक गोल टेबल आणि भोवती ठमीखेरीज बारा जण. प्राध्यापकांनी टेबलाचा नियम सांगितला. ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘चूक’ तर त्याहून नाही. आधीच्याचं बोलणं उचलायचं, ‘हो, आणि’ म्हणायचं आणि पुढे जोडायचं. मधे एक मोठा नकाशा पसरला होता, खाली नदी, वर टेकडी आणि दोन वस्त्या. पूर आला तर काय होईल, एवढाच प्रश्न.

ठमीने बराच वेळ नकाशा बघितला आणि धीर करून म्हणाली, "पूर आधी टेकडीवरच्या वस्तीत येईल, मग खाली उतरेल."

"हो, आणि म्हणजे पूर आधी टेकडीवरच्या बंगलेवाल्यांना गाठतो," एकजण म्हणाला. "किती दिलासा देणारी गोष्ट आहे!"

"हो, आणि पाण्यालाही वर चढायची हौस असतेच की," दुसरी म्हणाली.

प्राध्यापकांनी डोळे मिटले. "वा! हे जरा मुरू द्या."

ते मुरत असताना ठमी पाणी प्यायला उठली, टेबलाच्या पलीकडे गेली आणि तिथून तिला नकाशा सरळ दिसला. ती नकाशाच्या उलट्या बाजूला बसली होती! टेकडी होती तिथेच होती, तिनेच सगळं खालीवर वाचून नदीकाठची वस्ती टेकडीवर नेली होती.

"मी नकाशा उलटा वाचला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. कान लाल झाले होते.

"हो, आणि उलटं वाचायला धाडस लागतं," प्राध्यापक म्हणाले. बाराही माना डोलल्या.

बाहेर पडताना तिने शेजारच्या मुलीला गाठलं. "तुला कळलं होतं मी चुकतेय ते?"

"अगं, सगळ्यांनाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं ना," ती मुलगी गोड हसून म्हणाली.

ठमीला आता वाईट वाटत नव्हतं, संताप आला होता. बारा शहाण्यांनी मिळून तिला मूर्ख ठेवलं होतं, आणि वर कौतुकही केलं होतं.

परतीला गाडी ठमी चालवत होती. गाडी शिकवणीची, त्यामुळे बाबांच्या पायाखालीही एक ब्रेक होता आणि एरवी त्यांचा पाय त्याच्यावरून हलत नसे. आज मात्र दोन्ही पाय सीटखाली दुमडून बाबा खिडकीबाहेर बघत होते. विचारांच्या नादात ठमी चुकीच्या फाट्याला वळली, तरी गप्प. रस्ता अरुंद झाला, खडी लागली, तरी गप्प. शेवटी समोर बंद फाटक आलं, तेव्हा तिनेच गाडी थांबवली.

"बाबा, रस्ता चुकला."

"हो, आणि..." बाबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आणि झाडं छान आहेत इकडची."

"तुम्हाला वळतानाच कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा तिच्याकडे वळले. "माझ्या ओरडण्याला कंटाळूनच तू इतकं लांबचं शोधलंस ना? सुट्टीत तरी घरी यावंसं वाटायला हवं तुला. म्हणून त्यांच्या त्या दालनात शिकून घेत होतो. जमत नाही गं मला. जीभ चावून चावून तोंड सोलवटलंय."

ठमीला रडू आलं. हसूही आलं, पण रडू आधी आलं. बाबांना असं गरीब गाईसारखं बसलेलं तिला बघवेना. तिने तिथूनच कार्यालयातल्या बाईंना फोन लावून सांगितलं, मी येणार नाही.

"हो, आणि तुमचा नकार आम्हाला फार भावला," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून ठमी म्हणाली, "शहरातल्या कॉलेजात जाते. पण घरी राहणार नाही बाबा. वसतिगृहात राहीन."

बाबा ताडकन सरळ बसले. "काय? घर अर्ध्या तासावर असताना वसतिगृह? चूक! साफ चूक आहे हे!"

"का चूक? सांगा."

बाबांनी तीन कारणं सांगितली. त्यातली दोन बरोबर होती आणि ठमीने ती तोंडावर मान्य केली. तिसऱ्यावरून दोघं घर येईपर्यंत भांडले. पुढच्या महिन्यात ती वसतिगृहात राहायला गेली, आणि खोलीतला पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते सांगायला बाबा आधीच तिथे येऊन उभे होते.