लिंकनच्या प्लेटा आणि नंदामावशीचं अक्षर

टेबलावर बारा प्लेटा होत्या. प्रत्येकीचा व्यास साडेनऊ इंच, कडेला जांभळट गुलाबी पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना सोनेरी रेघ आणि मधोमध ढालीवर उतरलेला गरुड. बारांपैकी अकरा गरुड उजव्या हाताला तोंड करून सरळ बसले होते. आठव्या प्लेटवरचा दोन अंश कलला होता. कांचनने वहीत तशी नोंद केली.

असा डिनर सेट लिंकनच्या कारकिर्दीत, १८६१ मध्ये व्हाइट हाउसात आला. पुढे तो लोकांना इतका आवडला की त्याच्या नकला निघत राहिल्या, आणि नक्कल जुनी झाली की कुणीतरी ती खरी म्हणून खपवायला बघतोच. म्हणून अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये कांचन कामाला होती, तिथे नकलेच्या पाठीवर 'ही नक्कल आहे' असा शिक्का छापत. वर्कशॉपची मालकीण रीमा. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे, मराठी समजायची पण उत्तर अर्धं इंग्लिशमध्ये.

एका म्युझियमला आपल्या दुकानात विकायला अशा तीनशे प्लेटा हव्या होत्या. अट एकच: दीडशे वेळा डिशवॉशरमधून काढल्यावरही सोनं आणि शिक्का टिकला पाहिजे. "ऑर्डर मिळाली तर तुझे व्हिसाचे पेपर्स फाइल करते," रीमा म्हणाली होती. "नाही मिळाली तर, सॉरी यार, दोघींचा पगार निघत नाही."

दिवसाला तीन धुणी, पन्नास दिवस. वर्कशॉपमध्ये डिशवॉशर नव्हता. कांचनच्या घरी होता, आणि सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेली नंदामावशीही होती, जिला दिवसभर काही काम नव्हतं.

"म्हणजे धुतलेल्या प्लेटा पुन्हा धुवायच्या," मावशीने खात्री करून घेतली.

"हो."

"तीनदा."

"हो गं. आणि आधी हाताने विसळायच्या नाहीत. चिंच लावायची नाही. उन्हात ठेवायच्या नाहीत. प्रत्येकीच्या मागे मी मार्करने नंबर घातलाय, तो बघून त्याच क्रमाने लावायच्या. मी मधे हात लावणार नाही, एकदम शेवटीच मोजीन."

"खरकटं नाही, काही नाही, आणि मशीन चालू," मावशी म्हणाली. "तुझ्या आईला फोनवर सांगू का, की पोरगी काय शिकली ते?"

पण तिने काम चोख केलं. वेळा वहीत लिहिल्या, अक्षर मोत्यासारखं. नागपूरला इतवारीतल्या घरच्या भांड्यांच्या दुकानात तीस वर्षं ती नाव घालायच्या मशीनवर बसली होती. त्या भागात हळदीकुंकवाला वाटलेलं कुठलंही भांडं उलटं करा, अक्षर नंदाचंच निघायचं.

पंचवीस मार्चला, शनिवारी, दीडशेवं धुणं झालं. कांचनने झीज मोजायची शंभर चौकोनांची पारदर्शक जाळी काढली, पहिली प्लेट उचलली आणि उलटी केली.

छापील शिक्क्याच्या जागी एक धूसर ढग उरला होता. त्याच्या खाली, गोलाईला धरून, देवनागरीत कोरलं होतं: 'क्र. १. चि. कांचन हिस व्हिसा मिळाल्यानिमित्त मावशीकडून सप्रेम. दि.' पुढे जागा रिकामी.

"मावशी."

"अगं, तुझा मार्कर पहिल्याच दिवशी धुऊन गेला. तिसऱ्या खेपेला नुसता निळा डाग. मग रविवारी शेजारच्या लताकाकूबरोबर जाऊन त्या हार्डवेअरवाल्याकडून कोरायचं पेन आणलं. हिऱ्याचं टोक आहे त्याला. छान चालतं, फक्त हाताला मुंग्या येतात."

"फक्त नंबर घालायचा ना."

"नुसता नंबर? कैद्यांच्या ताटाला घालतात तसा?"

कांचनने दुसरी प्लेट उलटी केली. विवाहानिमित्त. तिसरी, डोहाळजेवण. चौथी, बारसं. मग वास्तुशांत, मुंज, नातवाचं बारसं. दहावी साठीची, अकरावी पंचाहत्तरीची, आणि बारावी सहस्रचंद्रदर्शनाची. सगळीकडे 'दि.' आणि पुढे मोकळी जागा.

"तारखा नाही घातल्या," मावशी समजूतदारपणे म्हणाली. "ते तुझ्या सोयीने."

"मुंजीची प्लेटसुद्धा कोरलीस. मुलगाच होणार, हे कुणी ठरवलं?"

"डोहाळे बघू ना आधी. प्लेट तर राहू दे."

कांचन खुर्चीत बसली. नव्या प्लेटा करायला वेळ नव्हता, म्युझियमची बाई सोमवारी सकाळी यायची होती. आणि व्हिसाचे अर्ज एक एप्रिलपासून घेणार होते. तिने रीमाला फोन केला. रीमाने बाराही मजकूर वाचून दाखवायला लावले. मग म्हणाली, "माझ्या आजीकडे असं एक पातेलं आहे. बट कांचन, दिस इज लिंकन."

सोमवारी म्युझियमच्या मिसेस पेटिग्रू आल्या. बारीक, ताठ, गळ्यात साखळीला लावलेलं भिंग. कांचनने काही लपवलं नाही. सोन्याचे आकडे वाचून दाखवले, मग शिक्क्याचे वाचले, आणि प्लेटा उलट्या करून ठेवल्या.

मिसेस पेटिग्रूंनी भिंग डोळ्याला लावलं. "शिक्का तर गेला. हे काय आहे?"

"प्रयोगाचे नंबर आहेत," कांचन म्हणाली.

"एवढे लांब?"

कांचनने भाषांतर केलं. बारावीला अडखळली. "माणूस ऐंशीच्या पुढे गेला की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात. त्याचा समारंभ."

"हे कोरलेलं घासून काढता येईल?"

"काढायला गेलं तर चकाकीच निघेल. प्लेट फुकट जाईल."

बाईंनी बारावी प्लेट उन्हाकडे धरून बराच वेळ फिरवली. "तेवीस वर्षं मी म्युझियममध्ये आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला कुणीतरी नकली लिंकन घेऊन येतो, शिक्का खरवडलेला. या प्लेटला लिंकनची म्हणायची कुणाची छाती होणार नाही. तीनशेच्या तीनशे कोरून द्या. मजकूर इंग्लिश, 'रिप्रॉडक्शन' आणि साल, पण अक्षर हेच पाहिजे. कोणी कोरलं?"

रीमाने कांचनकडे पाहिलं. कांचनने मावशीचा टुरिस्ट व्हिसा डोळ्यांसमोर आणला.

"त्या इथे काम करू शकत नाहीत," ती म्हणाली. "पण मला शिकवू शकतात."

त्या दुपारी रीमाने वकिलाला फोन केला. संध्याकाळपासून कांचन किचनच्या टेबलावर फुटक्या बशांवर गिरवायला बसली आणि मावशी मागे उभी राहिली.

"दाबू नको. काय पोळी लाटून राहिली काय? पेन आपलं चालतं, आपण नुसतं सोबत जायचं."

"मावशी, याला किती न्यूटन जोर लावतेस तू?"

"बाप्पा. न्यूटनला बसव इथे, त्यालाही शिकवीन."

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र आलं. मावशीने पहिली प्लेट फडताळातून काढली, उलटी करून कांचनसमोर ठेवली आणि पेन तिच्या हातात दिलं. कांचनने 'दि.'च्या पुढे तारीख घातली. मग खोली मोजायचा सुईचा गेज आणला, सगळं मोजलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं:

सोनेरी काठ, १५० धुण्यांनंतर, बारा प्लेटांची सरासरी: घट ४ टक्के.
छापील शिक्का, १५० धुण्यांनंतर: घट ७९ टक्के.
मावशीचं अक्षर, १४७ धुण्यांनंतर: घट शून्य. खोली सर्वत्र ०.११ मिलिमीटर.
कांचनची तारीख: खोली ०.०४ ते ०.१९ मिलिमीटर.