त्र्याण्णव आणि धोंडीबाई

उंबरपाडा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवर आहे. १९२१ च्या गणतीत तिथं अठ्ठ्याऐंशी माणसं होती. १९३१ मध्ये एकही नाही. मधल्या काळात कसली साथ आली नव्हती. आली होती ती गणतीच. माणसं मोजली की घटतात, असं पाड्यातल्या धोंडीबाईनं सांगितलं आणि अख्खा पाडा रानात जाऊन बसला. शहापूरच्या कारकुनाला वाटलं, मुरबाडचा मोजेल. मुरबाडच्यालाही शेजाऱ्याबद्दल तेवढाच विश्वास होता.

ती शून्य माणसं पुढची दहा वर्षं भात लावत, भांडत, लग्नं करत राहिली. मग १९४१ उजाडलं आणि वरून कागद आला: या खेपेलाही शून्य भरलं, तर पाडा ओसाड धरून सरकारी रानात जमा. घरं मोडायची.

शिमग्याच्या तोंडावर टोकावड्याहून गणतीचे मास्तर आले. खाकी कोट घालून आले, तिथं चुकलं. दिवस लढाईचे. "पलटणीत धरून न्यायला आले रे!" कुणीतरी ओरडलं आणि सतरा चुली पेटत्या ठेवून पाडा पुन्हा रानात. मागं उरली गुडघ्यांनी अधू झालेली धोंडीबाई आणि तिचा मुलगा महिपत.

"नावं मी सांगतो, तुमी लिवा," महिपत म्हणाला.

"दिसेल तेवढंच लिहीन. परवा एकानं चार बैल माणसं म्हणून लिहून दिले." मास्तरांनी घड्याळ काढलं. "बाराला वही बंद. पुढं वैशाखरं गाव गाठायचंय."

अकरा वाजले होते.

मास्तरांच्या कोटाला शिव्या देणारी धोंडीबाई एकदम मुलाकडे वळली. "मागल्या टायमाला मीच पळवलं सगल्यांना. महिपत, मी मेले. टेकाडावर जा न् हाक दे."

"आये, काय पन काय!"

"जा रे! घर राखायचा हाय का नाय?"

ती अंगणात आडवी झाली.

मातीची हाक आली की उंबरपाड्यात यावंच लागतं. जो येत नाही, त्याच्या दारी पुढं खांदा द्यायला कुणी जात नाही. आणि मढं उचलेपर्यंत अंगण सोडायचं नसतं.

माणसं आली. खाकी कोट दिसताच पाय वळवळले; पण समोर मढं. मास्तर हलक्या आवाजात विचारत एकेक घर लिहू लागले. धोंडीबाईच्या नाकावर माशी बसली. म्हातारी आत्ता शिंकली असती, तर अर्धा पाडा भुताला भिऊन पळाला असता आणि उरलेला सरकारला.

बाराला पाच कमी. शेजारीण लहानी छाती पिटत पुढं आली. "आये गो! तुझी तांबडी कोंबडी कोल्ह्यानं नाय, मीच खाल्ली गो!"

मढ्याचा जबडा हलला. महिपत घाईनं आईच्या तोंडावर पडून रडू लागला.

"त्र्याण्णव," मास्तर म्हणाले. "आणि ही?"

महिपतनं मान वर केली नाही. "गेली."

मास्तरांनी तासाभरापूर्वीच तिच्या तोंडून स्वतःच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकला होता. पण मेलेलं माणूस मोजायचं नाही, हा नियम स्पष्ट होता. त्यांनी खाली रेघ मारली, सही केली, वही मिटली.

"उठा आता," ते म्हणाले.

धोंडीबाई उठून बसली. अंगण क्षणात रिकामं झालं. लहानी सगळ्यांच्या पुढं होती.

पाडा अजून आहे. धोंडीबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली, पण गणतीच्या वहीत नाव घालायला तिनं मरेपर्यंत नकार दिला. कोंबडी मात्र दुसऱ्याच दिवशी वसूल केली.