एका फुग्याच्या दोन कालिनका

"ठरलं, गिनकाबाई. बिलियानाला नेते मी," रुमेना दारातूनच म्हणाली. "शनिवारची गाडी आहे."

माझे दोन्ही हात मैद्याच्या खळीनं बरबटलेले होते. समोर दोरीला सात फुगे टांगलेले, त्यांवर चौदा मुलांनी चिकटवलेले वर्तमानपत्राचे ओले कपटे. खळ टपटप जमिनीवर गळत होती.

"आणि नेवेना?"

"ती राहील म्लादेन आजोबांकडे. म्हातारीच्या घरचे एकच पोर आणू देतात, बाई. दोन जुळी म्हटल्यावर सरळ नाही म्हणाले. किती विनवण्या केल्या!"

रुमेना इटलीत एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते, तिच्याच घरात राहते. दोन वर्षांनी दहा दिवसांची सुट्टी मिळाली होती. तिचा नवरा कुठे असतो हे आमच्या गावात कुणी विचारत नाही, कारण सांगायला कुणाला माहीत नाही. ती स्वतःही याच बालवाडीत माझ्या हाताखाली शिकली. चौतीस वर्षं मी इथे मुलांची नाकं पुसते आहे. माझ्या हाताखालून गेलेली निम्मी मुलं आज परदेशात दुसऱ्यांच्या आईबापांची नाकं पुसतात.

"पण बिलियानाच का?" मी विचारलं.

"मी कुठे ठरवलंय? कालिनकेनं ठरवलं. तुमच्याच वर्गात, काल." तिनं सुस्कारा टाकला. "देवाची कृपाच म्हणायची. चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा."

काल काय घडलं ते सांगते.

त्सोना आमची स्वयंपाकीण. कोशिंबिरीचा पाला धुताना तिला त्यात एक कालिनका सापडली, तो ठिपक्यांचा इवलासा उडता किडा. लाल पाठीवर सात काळे ठिपके, मुगाच्या दाण्याएवढी. "हे घे गिनका, तुझ्या फुग्यांना नमुना," म्हणत तिनं ती माझ्या टेबलावर सोडली. फुग्यांच्या आम्ही कालिनकाच करणार होतो. कागद वाळला की आतला फुगा फोडायचा, कवच मधोमध कापायचं, की दोन पाठी तयार. लाल रंग, काळे ठिपके, वरती तारेच्या मिश्या. एका फुग्यामागे दोन मुलं, म्हणून भांडण नाही.

खरीखुरी कालिनका बघितल्यावर मुलांचं लक्ष फुग्यांवरून उडालं. मग तो जुना खेळ आलाच. बोटावर घ्यायची आणि विचारायचं. आम्ही लहान असताना मुली सासर विचारायच्या. ज्या दिशेला उडेल तिकडचा नवरा. हल्लीची मुलं सासरबिसर विचारत नाहीत. "मी कुठे जाणार?" एवढंच विचारतात. तरी मी खेळू दिलं. खेळ तो खेळ.

नेवेनाच्या बोटावरून ती भुर्रकन स्वयंपाकघराकडे उडाली, म्हणजे आजोबांच्या घराच्या बाजूला. त्सोनानं ती परत पकडून दिली. मग बिलियानाची पाळी. आणि कालिनका हलेचना. नखावर बसली, पोटाखाली पाय ओढून. मुलं हसायला लागली. "बिलियाना कुठेच नाही जाणार! तिला कुणी नेणारच नाही!"

सात वर्षांची असताना माझ्याही बोटावरून कालिनका उडाली नव्हती. चालत चालत बाहीत शिरली. "ही घरातच राहणार," असं आई सगळ्या गल्लीला हसत हसत सांगत सुटली. राहिले मी. लग्न झालं नाही, गाव सुटलं नाही, आणि ते हसणं अजून कानात आहे.

म्हणून मी वाकले आणि हळूच फुंकर मारली. कालिनका उडाली ती पश्चिमेच्या, म्हणजे इटलीच्या बाजूच्या, उघड्या खिडकीतून थेट बाहेर. बिलियानाचा चेहरा खुलला. मला आपण फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं, आणि मी पुन्हा खळ ढवळायला लागले.

हे सगळं मी रुमेनाला सांगितलं. फुंकरीसकट. काही लपवलं नाही.

ती बाकावर बसली.

"ती उडालीच नव्हती, रुमेना. मी उडवली. आणि खरं सांगू? बिलियाना आजोबांच्या खांद्यावरून उतरत नाही. नेवेना रोज दुपारी झोपताना तुझा तो जुना रुमाल तोंडावर घेते. तो धुवायला टाकला तर जेवत नाही. न्यायचीच झाली तर..."

"मग काय करू?" ती ओरडलीच. "मी निवडू? एकीला जवळ घेऊन सांगू, की बाळ, तुला नाही निवडलं? सांगा ना बाई, कोणत्या तोंडानं सांगू?"

माझ्या पदरी ना मूल, ना बाळ.

"काल रात्री नेवेना रडली," रुमेना खालच्या आवाजात म्हणाली. "पण माझ्यावर रागावली नाही. कालिनकेवर रागावली. तेवढं तरी राहू द्या, बाई. मुलींना यातलं अक्षरही कळता कामा नये."

"नाही कळणार," मी म्हटलं. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काय उरलं होतं?

ती गेल्यावर त्सोना स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी तो पाला कचऱ्यात टाकला असता तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाली, आणि माझ्या पायाशी सांडलेली खळ पुसून घेतली.

शुक्रवारी कवचं वाळली. फुगे फोडताना मुलं नेहमीप्रमाणे किंचाळली. जुळ्यांचा फुगा मी सगळ्यांत शेवटी घेतला. त्यावर दोघींनी मिळून भोवती पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती, वाकडीतिकडी. मी त्या रेघेवरूनच कात्री चालवली आणि कापही वाकडाच गेला. एक पाठ मोठी, एक लहान.

"मोठी तू घे," नेवेना म्हणाली. "तू लांब जाणारेस."

"नको, तू घे. मला तिकडे आई आहे," बिलियाना म्हणाली.

मला तिथे उभं राहवेना. मी रंग आणायच्या निमित्तानं कपाटाकडे गेले आणि उगाच डब्यांची झाकणं उघडत बसले.

शनिवारी चौकात मी गेले नाही. धीर झाला नाही, हे कबूल करते. त्सोना जाऊन आली. बिलियाना गाडीच्या खिडकीला लाल पाठ टेकवून बसली होती, आणि म्लादेन आजोबा गाडी गेल्यावरही टोपी हातात घेऊन उभे होते, असं तिनं सांगितलं.

सोमवारी नेवेना रोजच्यासारखी आली. चीज घातलेली बनित्सा खाल्ली, दूध प्यायली, रडली नाही. मलाच हायसं वाटलं. मुलं लवकर विसरतात, असं आम्ही बायका एकमेकींना नेहमी सांगतो. मीही स्वतःला सांगितलं.

दहाच्या सुमाराला मी मुलांना अंगणात सोडलं. थोड्या वेळानं नेवेना एकटीच परत वर्गात आली, एक हात पुढे धरून, अगदी सांभाळून पावलं टाकत. बोटावर कालिनका होती.

"कुंपणाजवळ मिळाली," ती म्हणाली.

पश्चिमेच्या खिडकीपाशी जाऊन तिनं हात उंच केला. ओठ हलवून काहीतरी विचारलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. कालिनका तिच्या नखावर पाय आखडून बसून राहिली.

नेवेनानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, फुंकर मारा ना. बिलियानाला मारलीत तशी."

तिनं पाहिलं होतं. आठवडाभर हे पोर ते पोटात ठेवून होतं, आणि तरी मोठी पाठ बहिणीला देत होतं. नाही म्हणायला हवं होतं मला. पाच वर्षांच्या मुलीला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की असं काही नसतं गं, हा नुसता किडा आहे. पण मग बिलियाना का गेली, असं तिनं विचारलं असतं.

मी वाकले आणि फुंकर मारली. कालिनका उडाली. खिडकीबाहेर, पश्चिमेला.

कपाटातून नेवेनानं आपली पिशवी काढली, रुमालाची घडी करून आत ठेवली. फळीवरून आपली मोठी लाल पाठ घेतली. मग स्वतःच बूट चढवले, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात, आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली, आईची वाट बघत.

मी बाकीच्या मुलांना आत बोलावलं. तिला ऊठ म्हटलं नाही.