मावशीच्या वाट्याचं ऊन

"मंडळी, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीइतका विश्वास बसणार नाही," असं म्हणून वाटाड्या थांबायचा. थांबायचा तो दम लागलेला असायचा म्हणून. पाहुण्यांना वाटायचं, गडी रंगत आणतोय.

शहर पार उत्तरेकडचं. हिवाळ्यात तिथला सूर्य कामचुकार कारकुनासारखा उशिरा उगवायचा, जरा टेकल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. शहराच्या मधोमध टेकडी. माथ्यावरून समुद्र, बंदर, बर्फानं झाकलेली छपरं, सगळं एका नजरेत मावायचं, म्हणून जगभरातली माणसं ती चढायची आणि त्यांच्यापुढे रोज वाटाड्या चढायचा. त्याचे गुडघे आता असे वाजायचे, की मागची माणसं फांदी मोडली म्हणून वर बघायची.

टेकडीचीही तीच गत झाली होती. गवत गेलं, झाडांची मुळं उघडी पडली, पाऊस आला की चिखल थेट खालच्या गल्लीतल्या तळघरांत उतरायचा. शेवटी पर्यटन कार्यालयातल्या मॅडमनी वाटाड्याला बोलावून घेतलं. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काका, टेकडीला विश्रांती हवीय. बंदी घालायची नाही. लोकांना खालच्या गल्लीतून फिरवा, तिथली माणसं, तिथली कामं दाखवा. आपणहून खाली राहिले पाहिजेत."

"आणि नाही राहिले तर?"

"तर वरचे साहेब कुंपण घालणार आणि बस आणणार. बसमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज."

"म्हणजे आम्ही घरी बसायचं?"

"तुमचा आवाज छान आहे हो, काका. रेकॉर्डिंगला तुम्हालाच बोलावू."

सपाट रस्ता म्हटल्यावर गुडघ्यांनी मनातल्या मनात मॅडमचे पाय धरले. पण गल्लीत दाखवायचं काय? एक लाँड्री, एक टायरचं दुकान आणि मावशीचं घर. मावशी म्हणजे वाटाड्याच्या आईची सख्खी बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. घर टेकडीच्या पायथ्याला असं चिकटलेलं, की सबंध हिवाळाभर खिडकीत उन्हाचा कवडसा नाही. पाहुणे लाँड्रीकडे बघायचे, टायरकडे बघायचे आणि मग माना वर करायचे. "काका, वर कधी जायचं?"

दोन दिवस त्यानं लाँड्रीतल्या वाफेचं कौतुक करून बघितलं. तिसऱ्या दिवशी मावशीच्या बंद खिडकीखाली उभं राहून त्यानं थाप सोडली.

"मंडळी, ही टेकडी पूर्वी अशी नव्हती. ढग तिला वळसा घालून जायचे. पण येणारा जाणारा प्रत्येक जण बुटाला चिकटवून चिमूटभर माती घेऊन गेला. आज ती मुठीमुठीनं जगभरच्या पायपुसण्यांत पडलीय! टेकडी झिजत झिजत निम्मी झाली. इतकी, की जन्मात ऊन न बघितलेल्या या खिडकीत गेल्या वर्षी पहिल्यांदा बोटभर ऊन आलं. आमची मावशी आत राहते. घाबरून तिनं आग लागली म्हणून बंबवाल्यांना फोन केला!"

माणसं हसली, मग आपापल्या बुटांकडे बघू लागली. वाटाड्याला वाटलं, जिंकलो. आता लाजेनं तरी कोणी वर पाऊल टाकणार नाही.

तेवढ्यात पिवळ्या टोपीवाल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "बोटभरच? बिचाऱ्या आजी! चला हो, आपण सगळेच चढू. तेवढंच जास्त ऊन येईल त्यांना."

"अहो ताई, तसं नाही..."

पण चांगुलपणाला लगाम कोण घालणार? अख्खा जथा टेकडीवर. वाटाड्या 'मंडळी, मंडळी' करत मागून निम्म्यापर्यंत गेला आणि एका उघड्या मुळावर बसला. त्याला हाका मारायचाही कंटाळा आला होता.

पिवळ्या टोपीनं ते फोनवरून गावभर केलं. दुसऱ्या दिवशी लोक खिळ्यांचे जाडजूड बूट घालून आले. एकानं तर पिशवीभर माती खाली आणून मावशीच्या दारात ओतली आणि दार वाजवून सांगितलं, "आजी, तुमच्या उन्हासाठी!" मावशीनं माती झाडली. पण वाटाड्याला काही बोलली नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

मॅडमचा फोन आला. "काका, टेकडीवर कधी नव्हती एवढी गर्दी झालीय. उद्या मी स्वतः येते. साहेबांना उद्याच कळवायचंय, बस की तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मॅडम घोळक्यात मागे उभ्या राहिल्या. वाटाड्याच्या अंगात त्राण नव्हतं. खरं सांगून टाकावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण खरं सांगायची सवय मोडलेली, आणि थापेला थापच लागते, हे त्याला अनुभवानं पाठ झालेलं.

"मंडळी, विश्वास बसणार नाही, पण तुमच्या कृपेनं टेकडी जरा जास्तच झिजली. आता या घरात ऊन मावत नाही! मावशीचे पडदे विटले, चष्मा काळा करून घ्यावा लागला, रात्री डोळे मिटले तरी आत उजेड राहतो. झोप नाही हो म्हातारीला! आता टेकडी परत वाढू द्या. वाढते ती, फक्त कोणी पाय ठेवायचा नाही."

पिवळी टोपी पुन्हा आली होती. तिनं तोंडावर हात ठेवला. "अरे देवा, आम्ही काय करून बसलो!" तिनं बूट काढून टेकडीच्या कडेला नीट झटकले. मग दुसऱ्यानं झटकले. मग रांगच लागली. मॅडम पहिल्यांदा हसल्या, फोन काढून साहेबांचा नंबर शोधू लागल्या. "काका, आपली गल्लीची फेरी चालली बरं का!"

वाटाड्यानं भिंतीला पाठ टेकवली. डोक्यावरची खिडकी करकरत उघडली. मावशी आत खुर्चीवर बसलेली; दोन शाली, कानटोपी, नाक थंडीनं लाल.

"मेल्या, कसलं ऊन नि कसला काळा चष्मा? लोक दारात येऊन सांगतात, ऊन येणार, म्हणून कालपासून खुर्ची लावून बसलेय मी इथं. बोटभरसुद्धा आलं नाही! धादांत खोटं बोलतोय हा!"