माझी एक अट होती

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. पुंडलिकनगरातल्या एका टँकर-कचेरीच्या संगणकात माझे आयुष्य गेले. माझे नाव 'रांग'.

दोन हजार तेराच्या दुष्काळात तिथल्या संगणकाचे काम बघणाऱ्या करुणाताईंनी मला लिहिले. माझ्यात एक जागा त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली होती. तिथे टँकर बसवा, नाहीतर पाण्याचे जार बसवा, मी त्यांची रांग लावून देई. मात्र त्या जागेवर ताईंनी अट घातली होती: इथे बसणारा प्रकार पिण्याच्या पाण्याचाच हवा. अशा प्रत्येकाजवळ पाणी तपासल्याची तारीख असायचीच, म्हणून मी ती बिनधास्त विचारायचो. कोणी भलत्या प्रकाराची रांग लिहायला गेले, तर मी चालू व्हायलाच तयार होत नसे. चूक टँकर निघण्याआधीच अडायची.

"लई काटेकोर हाय ही रांग," चालक साहेबराव कौतुकाने म्हणायचे. तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे गारखेड्याकडे इमारती उठू लागल्या आणि कचेरीत बांधकामाच्या पाण्याचे टँकरही आले. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मालक आप्पासाहेब म्हणाले, "करुणाताई, बांधकामाचे टँकरबी ह्याच यादीत घ्या."

"साहेब, ते पाणी वेगळं आहे. त्यांची वेगळी रांग करून देते. चार दिवस द्या."

"चार दिवस कुठून आणू? उद्या सकाळी पाहिजे."

ताईंनी त्याच संध्याकाळी मला उघडले. मग त्यांनी अट खोडली. तिच्यासोबत माझा तारखेचा प्रश्नही काढावा लागला, कारण बांधकामाच्या टँकरला तसली तारीख नसतेच. मी कुरकुर न करता तयार झालो. त्याची लाज मला अजून वाटते.

पंधरा दिवसांनी बांधकामाचा एक टँकर रांगेत पुढे आला. त्यात कसले पाणी आहे हे न विचारता मी त्याला पिण्याचे पाणी मागवणाऱ्या पारूबाईंच्या गल्लीचा पत्ता दिला.

"बाबा, ह्या पाण्याला वास येतोय," पारूबाई म्हणाल्या.

"मावशी, यादीत आलंय म्हंजी प्यायचंच असंल. घ्या भरून," साहेबराव म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

गल्लीतली अकरा घरे आजारी पडली. पारूबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. जिवावरचे निभावले, पण अंगातली ताकद गेली ती गेलीच. खानावळीत भाकरी थापायचे त्यांचे काम कायमचे सुटले.

करुणाताई त्यांना भेटायला गेल्या. "मावशी, चूक माझी आहे," म्हणत त्यांनी पदराने डोळे टिपले.

"तू कशाला रडती बाई? पाणी तर टँकरनं आणलं," पारूबाई म्हणाल्या.

परत येऊन ताईंनी कोणालाही न विचारता माझी अट पुन्हा लिहिली आणि बांधकामासाठी वेगळी रांग केली. साहेबरावांनी मात्र त्यानंतर माझे कौतुक कधी केले नाही. आता टँकर भरला की ते आधी स्वतः ओंजळभर पाणी हुंगून बघतात.

मित्रांनो, एखादी अट घाईच्या वेळी नुसती अडचण वाटते. ती खोडायला हात पुढे झालाच, तर क्षणभर थांबा. ती कोणाच्या जिवासाठी घातली होती, त्या माणसाचे नाव आठवा. माझ्या अटीमागे पारूबाई होत्या. हे मला फार उशिरा कळले.