वहिनीच्या गाडीतला दिवा

दादा गेला आणि आठवड्याभरात त्याच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. वहिनीने ठरवूनच टाकलं, हा दादाच आहे.

"ह्यांना मी गेलेली नकोय," ती म्हणाली. परगावी तिला नोकरी लागली होती, महिनाअखेर हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. नवऱ्यामागे तिच्या हातात तेवढंच होतं. आणि बाई सामान बांधायचं सोडून गाडीत बसून त्या दिव्याशी बोलत होती.

मला असल्या गोष्टींचा राग येतो. दादाने आणि मी मिळून गॅरेज चालवलं. दिवा लागला की त्याला कारण असतं, भूत नसतं. स्कॅनर लावला. टाकीतली पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटतेय, एवढंच तो सांगत होता. झाकण पाहिलं, घट्ट. नळ्या तपासल्या, गळती दिसावी म्हणून आत धूर सोडून पाहिला, एक व्हॉल्व्ह बदलला. दिवा विझवला, गाडी दिली. काही दिवसांनी वहिनी पुन्हा दारात. "लागला गं."

असं किती वेळा झालं ते विचारू नका, माझं डोकं पिकलं. शेवटी मीच तिच्या घरून गाडी घेऊन निघाले. वळणावर दिवा लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा?" मग स्वतःलाच शिव्या घातल्या.

आमच्याकडे रीत आहे: गाडी गॅरेजला आणायची तर टाकी भरून आणायची. दादाचा नियम. चालवून बघताना वाटेत पेट्रोल संपलं तर लोक हसतात, म्हणायचा. म्हणून मी पंपावर थांबले. पंपावरचा माणूस वैतागलेला होता. "झाकण नीट लावत जा की. या गाडीचं नेहमी नुसतं टेकवलेलं असतं."

आणि तो दर वेळी ते पिळून घट्ट करून देत होता. वहिनी त्याच्याकडूनच टाकी भरून यायची, मग मला काय कप्पाळ सापडणार.

संध्याकाळी गाडी वहिनीच्या दारात नेऊन लावली आणि झाकण कोण उघडतं ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेले. फाटकाशीच थबकले. आमची आई, दादामागेही वहिनीकडेच राहणारी, गाडीजवळ उभी होती, झाकण उघडून नाक टाकीच्या तोंडाशी नेलेलं, डोळे मिटलेले. श्वास आत घेत होती आणि सोडतच नव्हती. मग संधिवाताने वाकलेल्या बोटांनी झाकण परत टेकवलं. पिळायला जोर कुठला?

मला पाहून ती दचकलीही नाही. "जेवायला शेजारी बसला की असाच वास यायचा त्याला," म्हणाली. "कपडे तर तुम्ही दोघींनी धुऊन टाकलेत."

झाकण मीच घट्ट केलं आणि आत जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिच्या जिवाला बरं वाटेल.

"म्हणजे हे नव्हतेच," ती म्हणाली. भिंतीला टेकून खाली बसली आणि दादा गेला त्या दिवशीही रडली नव्हती इतकी रडली. कशाला सांगितलं असं झालं मला. बऱ्याच वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि बॅग भरायला घेतली.

ती गाडी घेऊन गेली. दिवा परत लागला नाही. आईला मी माझ्याकडे आणलं. पहिल्याच संध्याकाळी गॅरेजमधून आले ती हातही न धुता तिच्याजवळ बसले, मुद्दामच. तिने माझी बाही ओढून नाकाशी धरली. चला, जमलं, म्हटलं.

"हा नाही," ती म्हणाली आणि बाही सोडून दिली.

पेट्रोल तेच, ग्रीस तेच, गॅरेज तेच. मी तिच्याच पोटची. आणखी काय आणू? तरी रोज संध्याकाळी मी तशीच जाऊन बसते, आणि ती रोज बाही धरून पाहते.